बँडवाल्याचा पोरगा

‘नमस्कार. जाधव. बँडवाल्याचा पोरगा.’

एवढं बोलून जाधव गप्प राहायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून एखादा बारीक तडा शोधावा, तसे. आपण कुवेतच्या सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहोत, बायको तिथेच सिस्टर आहे, मुलगी चांगल्या इंग्रजी शाळेत जाते, हे सगळं नंतर. तेही विचारलं तर.

कुणी म्हणे, ‘अरे वा, म्हणजे घरात कलाच आहे!’ त्याला जाधव लगेच सांगत, ‘कला नाही हो. बँड. नवरदेवाच्या घोड्यापुढं लाल कोट घालून चालतात बघा, ते आम्ही.’ कुणी उगाच हसे. कुणाला एकदम पलीकडच्या टेबलावरचा चहा आठवे. माणूस लांब गेला की जाधव माझ्याकडे वळून म्हणत, ‘चेहरा बघितला का वहिनी? चेहरा?’

‘कशाला भावजी? त्यांनी कुठे विचारलं होतं?’

‘मी काय केलं? ओळख सांगितली. आजार त्यांचा आहे. मी नुसता फोटो काढतो.’

बनेद अल-गारला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, जाधव दुसऱ्या. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे कामावरही जाधव आणि जिन्यातही जाधव. पुण्यात वाढलेल्या मला पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याचा त्रास झाला, मग सवय झाली. माझाही फोटो त्यांनी पहिल्याच दिवशी काढला असणार. काय निघालं ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना त्यांना बोलवावं की नाही, यावर कमिटीत दरवर्षी कुजबुज व्हायची. कारण त्यांचा दुसरा एक छंद. कुठेही जेवण असलं की जाधव पहिलं ताट वाढून घ्यायचे आणि ते वाजवणाऱ्याला नेऊन द्यायचे. तबलजी असो, पेटीवाला असो. ‘पहिल्या पंगतीला हा वाजवतो. शेवटच्या पंगतीला काय उरतं ते मला विचारा.’ एका डॉक्टरांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मोठ्या हॉटेलात होता. तिथे एक लेबनानी माणूस डोळे मिटून ऑर्गन वाजवत होता. जाधव बिर्याणीची प्लेट घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. त्यानं डोळे उघडले, नजरेनंच दोन्ही हात कामात असल्याचं दाखवलं. ‘नो प्रॉब्लेम,’ असं म्हणून जाधवांनी प्लेट ऑर्गनच्या डाव्या टोकाला पट्ट्यांवरच ठेवली. सगळ्या हॉलभर एक लांबलचक भोंऽऽ घुमला. डॉक्टरांच्या आई कानावर हात ठेवून उठल्या. त्या माणसानं मात्र प्लेट उचलली, स्टुलाखाली ठेवली आणि कार्यक्रम संपल्यावर खरोखर खाल्ली. जाधव तोपर्यंत जेवले नव्हते.

तिसरी गंमत त्यांच्या गाडीची. लायसन्स मिळायच्या आधीच त्यांनी राई भागातल्या एका गॅरेजमधून जुनी गाडी घेऊन टाकली. मग ड्रायव्हिंगच्या परीक्षेत परीक्षकाशी वाद घातला. पुढच्या परीक्षेत आणखी एकाशी. लायसन्स काही मिळालं नाही. गाडी बिल्डिंगखाली धूळ खात उभी राहिली, आणि जाधव रोज संध्याकाळी काचा लावून तिच्यात बसू लागले. कुणी विचारलं तर, ‘इंजिन बघतो.’ इंजिन काही आत बसून दिसत नाही, हे आमच्या हारीसलाही, म्हणजे वॉचमनलाही, कळत होतं. पण ती गाडी बरोबर त्यांच्या मुलीच्या खोलीखाली उभी असायची, आणि ती त्या वेळी क्लॅरिनेट वाजवायची. एका काचेला ठेवलेली बारीक फट फक्त मला वरून दिसायची.

मुलगी मनीषा. शाळेत सगळे मॉनी म्हणायचे. फिंतासच्या पुढे गोऱ्या मास्तरांची शाळा होती, पुष्पा सिस्टरचा सगळा ओव्हरटाइम तिथे जायचा. शाळेत प्रत्येकाला एक वाद्य घ्यावंच लागे. बाकीची वाटून झाल्यावर हिच्या वाट्याला क्लॅरिनेट आलं. पुष्पा मला सांगत होती, ‘पोरगी खाली खेळायला गेली होती. ह्यांनी पेटी उघडली, काय आहे ते बघितलं, आणि मी दूध उतरवेपर्यंत ते सगळं जोडून हातात. तोंडाला लावलं नाही. परत सुटं केलं, पुसलं, पेटीत ठेवलं.’ पोरीला शिकवायचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. ‘शाळेत पैसे भरून बँडवाले करतात आता. आमच्याकडं फुकट होत होते,’ एवढंच म्हणाले.

मनीषा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. पण वाजवायची चांगलं. नववीत असताना तिची निवड झाली. आखातातल्या अशा शाळांमधली निवडक मुलं एकत्र आणून बाहेरून आलेल्या पाहुण्या कंडक्टरांच्या हाताखाली त्यांचा बँड बसवायचा, आणि तिसऱ्या दिवशी कार्यक्रम करायचा, असं काहीतरी होतं. नाव होतं ‘ऑनर बँड’.

ते नाव ऐकून जाधव इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘ऑनर, आणि बँड! दोन शब्द एका ओळीत! आमच्या आबाला दाखवायला पाहिजे होतं.’ आबा म्हणजे त्यांचे वडील. मग आठवडाभर दुसरा विषय नाही. एक्स-रे रूममधून माझ्या लॅबपर्यंत आवाज यायचा. ‘श्वास घ्या. धरून ठेवा. माझी पोरगी ऑनर बँडमध्ये आहे. सोडा.’ पेशंट बिचारे मिसरी, पठाण, कोण कोण. ते नुसता श्वास सोडायचे.

निवड आणखी एका मराठी मुलाची झाली होती, साठे डॉक्टरांच्या मुलाची. त्याचं ट्रॉम्बोन. साठेबाईंनी मंडळात पेढे वाटले. ‘आमचा अभिजित ऑनर बँडमध्ये!’ जाधवांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश म्हणाले, ‘चांगलं झालं वहिनी. म्हंजे तुम्ही पण आता आमच्यातल्याच झालात.’

साठेबाईंच्या हातातला पेढ्यांचा डबा एका जागी थबकला. जाधवांनी माझ्याकडे बघितलं. ‘चेहरा?’ असं नुसत्या भुवयांनी विचारलं.

त्या आठवड्यात मनीषा एकदा वर माझ्याकडे आली. बराच वेळ फ्रिजवरची चित्रं सरळ करत राहिली. मग म्हणाली, ‘आंटी, तुम्ही बाबांना सांगाल? प्लीज. तिथे ते बँडवाला वगैरे नको म्हणून.’

‘अगं, त्यांचा स्वभाव आहे तो.’

‘आय नो. बाबा सगळ्यांचे चेहरे बघतात,’ ती म्हणाली. ‘पण लोक मग माझा चेहरा बघतात. नेहमी. बाबांना ते दिसतच नाही, कारण ते दुसरीकडे बघत असतात.’

मी जिन्यात जाधवांना गाठून सांगितलं. तिचं वाक्य सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, या वेळी राहू दे. त्यांचा चेहरा लाल झाला. ‘का? खोटं आहे का? मी चोराचा पोरगा आहे?’

‘तसं नाही भावजी. पोरीला ते बरं वाटत नाही.’

‘पोरीला सांगा, मी सांगणार. इंग्रज असू दे नाहीतर त्याचा बाप असू दे. सांगणार आणि चेहरा बघणार.’ आणि खाली जाऊन गाडीत बसले. त्या दिवशी काच पूर्ण बंद होती.

शुक्रवारी पुष्पाची ड्युटी होती. त्यामुळे जाधवांना आणि मनीषाला घेऊन मीच निघाले. आधीचे दोन दिवस मुलांना शाळेच्या बसनं नेलं-आणलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळच्या तालमीला पालकांना बसायची परवानगी होती. पाहुणे कंडक्टर दोन. एक उंच, म्हातारा, उन्हानं लालबुंद झालेला इंग्रज आणि एक बुटकी अमेरिकन बाई. बाई दर चार ओळींना हात वर करून बँड थांबवायची आणि गोड आवाजात चूक काढायची.

‘आबा पण असाच थांबवायचा,’ जाधव माझ्या कानाशी म्हणाले. ‘फक्त चप्पल फेकून.’

मुलांचे कपडे त्यांना मुळीच पसंत पडले नाहीत. पांढरा शर्ट, काळी पँट. ‘झालर नाही, टोपी नाही, फेटा नाही. बँकेत कामाला जातात का हे?’ पुढच्या रांगेतल्या दोन मडमांनी मागे वळून बघितलं. मनीषानं मान खाली घातली. आम्ही बसलो होतो तिथपर्यंत तिची नजर एकदाही आली नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. पालकांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, आधी मुलं जेवणार होती. सगळे पालक सावलीत गेले. जाधव जेवणघराच्या दारातल्या काचेला नाक लावून उभे राहिले. मी बोलवायला गेले तर हलेचनात. आत लांब टेबलांवर मुलं बसली होती, त्यांच्यामध्येच तो इंग्रज कंडक्टर गुडघे दुमडून लहान खुर्चीत बसला होता आणि मुलांना पाव पुढे करत होता.

‘वाजवणारे आधी जेवतायत,’ जाधव म्हणाले. आवाजात नेहमीची खोच नव्हती. ‘आणि मास्तर त्यांना वाढतोय.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘कुणी त्यांना सांगितलं असेल का असं करा म्हणून? का ह्यांच्यात असंच असतं?’

काचेवर उमटलेला नाकाचा डाग त्यांनी बाहीनं पुसला.

चार वाजता कार्यक्रम झाला. मला संगीतातलं फार कळत नाही. एका संथ तुकड्यात सगळा बँड थांबला आणि मनीषाचं क्लॅरिनेट एकटंच थोडा वेळ वाजत राहिलं. जाधवांची बोटं मांडीवर हलत होती. आधी मला वाटलं ताल धरलाय. पण ताल तसा धरत नाहीत. एकेक बोट वेगळं उठत होतं, बसत होतं. मनीषाच्या बोटांबरोबर, आणि कधीकधी किंचित आधी.

टाळ्या झाल्या. बाहेर ओसरीवर चहा होता. साठे पती-पत्नी आमच्या शेजारीच उभे होते. आणि तेवढ्यात मनीषा त्या इंग्रज कंडक्टरला घेऊन आमच्याकडे येताना दिसली. क्लॅरिनेटची पेटी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

‘मिस्टर जाधव!’ त्यानं हात पुढे केला. ‘पहिल्या दिवशी मी सगळ्या मुलांना विचारलं, घरात आधी कुणी वाजवायचं का. मनीषा म्हणाली तिचे आजोबा कंडक्टर होते. मला तुम्हाला भेटायचंच होतं.’

साठेबाई चहा पिता पिता थांबल्या. त्यांनी जाधवांची ओळख आजवर कितीतरी वेळा ऐकलेली होती. त्यांच्या ओठांवर बारीक हसू आलं आणि त्या वाट बघत राहिल्या.

मीही वाट बघत होते. वाक्य मला पाठ होतं. ते इंग्रजीतही तयार होतं, हॉस्पिटलातल्या गोऱ्या डॉक्टरांसाठी. ‘सन ऑफ बँडवाला, सर. वेडिंग बँड.’ जाधवांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं. आणि त्या वेळी, का कुणास ठाऊक, त्यांनी कंडक्टरच्या चेहऱ्याकडे न बघता मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

किती वेळ बघितलं सांगता येत नाही. कंडक्टरचा हात त्यांच्या हातातच होता.

‘येस सर,’ जाधव म्हणाले. ‘कंडक्टर.’

‘वा! मोठा बँड होता?’

‘स्मॉल, सर. टेन, इलेव्हन मेन.’

‘आणि वाजवायचे कुठे?’

‘ओपन एअर, सर. मोस्टली ओपन एअर.’

‘उन्हाळ्यात?’

‘येस सर. समर सीझन. व्हेरी बिझी.’

‘लोक यायचे ऐकायला?’

‘होल व्हिलेज, सर. एव्हरीबडी डान्सिंग.’

कंडक्टर मान मागे टाकून हसला. ‘नाचायचे! नशीबवान माणूस. आमच्याकडे लोक झोपतात.’

मनीषाही हसली. तिचे खांदे खाली आले, पेटी छातीपासून सुटून एका हातात आली. जाधव ताठ उभे होते. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, पण त्यामागची वरात तिथे फक्त कंडक्टरला दिसत नव्हती.

‘तुम्ही वाजवलंत त्यांच्याबरोबर?’

‘लिटल, सर. क्लॅरिनेट.’

मनीषानं चमकून वर बघितलं. हे तिला माहीत नव्हतं.

‘मग सोडलंत का?’

‘फादर डाइड, सर. ड्युरिंग परफॉर्मन्स.’

कंडक्टरचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यानं डावा हात आपल्या छातीवर ठेवला. ‘वाजवता वाजवता,’ तो म्हणाला. ‘संगीतातल्या माणसाला याहून चांगलं मरण कुठलं?’

‘येस सर,’ जाधव म्हणाले. ‘परफॉर्मन्स वॉज कम्प्लीटेड.’

ती हकीकत मला पुष्पानं कधीतरी सांगितली होती. कराडकडच्या एका गावात, मे महिन्यातल्या दुपारी, वरातीत चालता चालता आबा खाली कोसळले. हातातलं पितळी कॉर्नेट लांब जाऊन पडलं. पोरगा धावला, तर नवरदेवाच्या मामानं त्याचा दंड धरला. मुहूर्त टळतोय, बँड थांबवायचा नाही. आबांना एका दुकानाच्या फळीवर निजवलं, तोंडावर ओलं फडकं घातलं, आणि बँड पुढे निघाला. कॉर्नेट गेल्यावर सूर धरायला क्लॅरिनेटच राहिलं होतं, त्यामुळे पोराला मांडवापर्यंत वाजवावंच लागलं. परत आला तेव्हा दुकानदारानं आबांवर चादर घातलेली होती.

कंडक्टरनं जाधवांचा हात पुन्हा दाबला, मनीषाच्या डोक्यावर थोपटलं आणि तो दुसऱ्या पालकांकडे गेला. मनीषा मैत्रिणींकडे पळाली.

‘अय्या, भावजी,’ साठेबाई म्हणाल्या. ‘कंडक्टर होते वडील? आम्हाला कधी बोलला नाहीत.’

मला वाटलं, आता काहीतरी जहरी ऐकायला मिळणार. जाधवांनी हातातला कागदी कप चुरगळला. ‘तुम्ही कधी विचारलं नाही, वहिनी,’ एवढंच म्हणाले आणि कचऱ्याचा डबा शोधायला गेले.

साठेबाईंनी ते जाधवांच्या मागे महिनाभर पुरवून पुरवून सांगितलं. शेवटी लाजलेच की बँडवाले, म्हणे गोऱ्या माणसापुढे कंडक्टर झाले. हॉस्पिटलात, मंडळात, सगळीकडे. एरवी जाधवांनी चार शब्दांत त्यांना गार केलं असतं. पण त्यांनी काही म्हटलं नाही. त्यानंतर नवीन माणूस भेटला की ते म्हणत, ‘जाधव. एक्स-रे.’ आणि म्हणेपर्यंत नजर दुसरीकडे गेलेली असे. कमिटीनं त्यांना बोलवावं की नाही ही चर्चाही बंद केली. माणूस सुधारला, असं सगळ्यांचं मत पडलं. मनीषानं पुढे शाळेच्या शेवटच्या वर्षी क्लॅरिनेट सोडलं. अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळायला त्याचा जेवढा उपयोग व्हायचा, तेवढा झाला होता.

पण त्या दिवशी परत येतानाचं सांगायचं राहिलं.

ऊन उतरलं होतं. मी गाडी समुद्राकाठच्या रस्त्याला घेतली. जाधव पुढे माझ्या शेजारी होते, मनीषा मागे. ती इतकी खुशीत होती की कधी नव्हे ती मराठीत बोलत होती. बाई काय म्हणाल्या, बहारीनची मुलगी कशी चुकली, संथ तुकड्यात तिला स्वतःचा श्वास पुरेल की नाही असं कसं वाटत होतं. मग पुढे वाकून तिनं जाधवांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘बाबा, थँक यू. तुम्ही खूप छान बोललात त्यांच्याशी.’

जाधव समुद्राकडे बघत होते. ‘हूं.’

‘आणि तुम्ही क्लॅरिनेट वाजवायचात? सांगितलं नाही कधी.’

‘लई वाईट वाजवायचो.’

ती पुन्हा मागे टेकली. मग म्हणाली, ‘तो माणूस जाताना मला आजोबांचं नाव विचारत होता. मला सांगताच आलं नाही. तुम्ही आबा, आबाच म्हणता. काय होतं नाव?’

मी उगाचच गिअर बदलला. बराच रस्ता गेला. मग जाधव म्हणाले, ‘महादेव. महादेव जाधव.’

‘महादेव,’ ती म्हणाली. ‘ओके.’

आणखी थोडा रस्ता गेला.

‘म्हादू म्हणायचे त्यांना,’ जाधव म्हणाले. मान वळवली नाही, पण आवाज मागे ऐकू जाईल असा होता. ‘महादेव कुणी म्हटलं नाही. सगळा गाव म्हादूच म्हणायचा. लहान पोरं पण.’

‘म्हादू,’ मनीषानं म्हणून बघितलं. तिला तो शब्द नीट उचलता येत नव्हता. तिनं पुन्हा म्हणून बघितलं आणि हसली. ‘हाउ क्यूट, बाबा!’

जाधवांनी काच खाली केली. बाहेरून खारट, गरम वारा आत आला.

‘हो,’ ते म्हणाले. ‘क्यूटच.’